बिल्टीवरचे आकडे एक घर वर सरकायला लागले: डॉट मॅट्रिक्स, छापील फॉर्म आणि आमचा पावसाळा

ज्यांच्याकडे अजूनही छापील फॉर्मवर डॉट मॅट्रिक्सने प्रिंट काढतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. ट्रान्सपोर्टवाले, पतसंस्था, गॅस एजन्सी, मार्केट यार्डातली अडत दुकानं, वजनकाटे, असे अजून बरेच जण आहोत आपण. आमचा इचलकरंजीत ट्रान्सपोर्टचा बुकिंग काउंटर आहे, ग्रे कापडाच्या (म्हणजे मागावरून उतरलेल्या, रंग-प्रक्रिया न झालेल्या कापडाच्या) गाठी बालोतरा, पाली, भिवंडी, सुरत अशा ठिकाणी जातात. काउंटर सासरे बघतात, त्यांना सगळं गाव आण्णाच म्हणतं, आणि कॉम्प्युटरचं खातं लग्न झाल्यापासून माझ्याकडे आलंय. कॉमर्स शिकलेय, हार्डवेअरचं काहीही शिकलेले नाही, हे आधीच सांगते म्हणजे तुम्हालाही जमेल असं वाटेल.

आधी नेहमीचा प्रश्न, अजून डॉट मॅट्रिक्स का. आमची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, चार प्रतींची असते, पाठवणाऱ्याची, घेणाऱ्याची, ड्रायव्हरची आणि ऑफिसची. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट २००७ प्रमाणे मालाची पावती निदान तीन प्रतींत द्यावीच लागते, चौथी आमच्या सोयीची. लेझर किंवा इंकजेट कागदाला ठोका मारत नाही त्यामुळे खालच्या प्रती उमटत नाहीत, चार वेळा प्रिंट काढायची म्हटलं तर काउंटरवर संध्याकाळी सातला जी गर्दी असते तिच्यात ते होणे नाही. डॉट मॅट्रिक्सची पिन रिबनवर आपटते आणि चारही प्रती एका दमात निघतात. आमच्याकडे एप्सनचा एलएक्स-३१० आहे, ९ पिनचा, ८० कॉलमचा. फॉर्म १०×६ चा, म्हणजे १० इंच रुंद, ६ इंच उंच, दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद. बिल्टी नंबर प्रेसमधूनच लाल शाईत छापून येतो आणि तिथेच सगळी गोम आहे, कारण प्रत्येक वाया गेलेला फॉर्म म्हणजे एक रद्द नंबर.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जुना कॉम्प्युटर गेला. नवीन आणला, विंडोज ११ वाला, सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाने येऊन आमचं बुकिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, प्रिंटर जोडला, एक बिल्टी काढून दाखवली, एकदम बरोबर बसली. तो गेला. त्याच आठवड्यात फॉर्मचा जुना लॉट संपला आणि नवीन खोके फोडले. हे लक्षात ठेवा, दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, आणि पुढचा सगळा घोळ समजायला उशीर झाला तो त्यामुळेच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बालोतऱ्याच्या आमच्या डिलिव्हरी ऑफिसमधून फोन आला, बिल्टीवर भाडं १२० रुपये दिसतंय, एवढ्या गाठींचं भाडं १२० कसं. टू-पे बिल्टी होती, म्हणजे भाडं तिकडे माल घेणाऱ्याकडून वसूल करायचं. ऑफिस कॉपी काढून बघितली तर उजव्या बाजूला जी एकाखाली एक घरं असतात, भाडं, हमाली, बिल्टी चार्ज, डोअर डिलिव्हरी, एकूण, त्यात सगळे आकडे बरोब्बर एक घर वर गेले होते. भाड्याचा आकडा हेडिंगवर चढून बसलेला, वाचताच येत नाही, आणि हमालीचे १२० भाड्याच्या घरात. तिकडच्या माणसाने विचारलं म्हणून बरं, न विचारता १२० घेऊन माल सोडला असता तर ते पैसे परत कोण देतंय.

काउंटरवर बुकिंगला जे मामा बसतात त्यांना विचारलं तर म्हणाले, "अहो ते रोजचंच झालंय आता, दहा-बारा बिल्ट्या झाल्या की अक्षरं वर सरकतात, मग मी बाजूची चक्री जरा फिरवतो आणि परत बसवतो." गर्दीत चक्री फिरवायची राहिली की मग असा फोन येतो.

ती चक्री म्हणजे प्रिंटरच्या उजव्या बाजूचा नॉब. प्रिंटर चालू असताना तो फिरवायचा नाही असं एप्सनच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. आतल्या मोटारने रोलर धरून ठेवलेला असतो, आपण जबरदस्तीने फिरवला की गिअरवर ताण येतो, आणि कागद हललाय हे प्रिंटरला कळतच नाही, तो आपल्या हिशोबाने पुढे चालू. नॉब आहे तो प्रिंटर बंद करून अडकलेला कागद काढायला. मामांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत फिरवत होते, कारण दुसरा इलाज मी दिला नव्हता ना.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. त्याने लांबूनच स्क्रीन घेतली आणि वरचं मार्जिन वाढवून दिलं. झालं, आता पहिली बिल्टी खाली छापायला लागली आणि दहावी बरोबर. मग दुसऱ्या एका प्रिंटर रिपेअरवाल्याला बोलावलं, आठवडाभर आज येतो उद्या येतो चाललं, जूनच्या मध्यात आला, व्हिजिटचे ४०० घेतले, कव्हर उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि "वहिनी, हेड गेलंय, साडेचार हजार होतील" म्हणाला. हेड म्हणजे छापणाऱ्या पिना असतात तो भाग. आण्णा लगेच तयार झाले होते, त्यांचं म्हणणं धंदा थांबायला नको. मी म्हटलं, आण्णा, अक्षरं तर एकदम स्वच्छ येतायत हो, नुसती जागा चुकतेय, तर हेडचा काय संबंध? दोन-चार दिवस द्या मला. ते म्हणाले, बघ, पण संध्याकाळचं बुकिंग अडवायचं नाही.

मग एका रविवारी काउंटर बंद असताना बसले. हेड खरंच गेलंय का हे घरच्या घरी बघता येतं. प्रिंटर बंद करायचा, लाइन फीड/फॉर्म फीडचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून चालू करायचा, तो स्वतःच टेस्ट प्रिंट काढायला लागतो, कॉम्प्युटर जोडलेला नसला तरी. कागद मात्र पूर्ण रुंदीचा लावा, अरुंद असला तर पिना सरळ रोलरवर आपटतात. हेडची एखादी पिन गेली असेल तर प्रत्येक अक्षरातून एकाच उंचीवर बारीक पांढरी आडवी रेघ जाते. आमच्याकडे तसलं काही नव्हतं, अक्षरं भरीव. साडेचार हजार वाचले म्हणजे.

टेस्ट प्रिंटमध्ये अजून एक बघायचं, ओळी कागदाच्या कडेला काटकोनात आहेत का तिरक्या जातायत. आमच्या अगदी किंचित तिरक्या जात होत्या. मागे वाकून बघितलं तर डाव्या स्प्रॉकेटचं लॉक अर्धवट बसलेलं, म्हणजे भोकांत अडकणाऱ्या पिनांचा तो जो पट्टा असतो तो हळूहळू सरकत होता. लॉक उघडून, कागद दोन्ही बाजूंना एकाच नंबरच्या भोकात अडकवून (हे मोजून बघा, उजवीकडे एक भोक पुढे गेलं तरी कागद तिरका जातो), उजवा पट्टा एवढाच ओढला की कागदाला सुरकुती नको आणि भोकंही ताणली जायला नकोत, आणि दोन्ही लॉक केले.

तिथेच अजून दोन दांड्या बघून घेतल्या. एक पेपर रिलीज लिव्हर, ती सुट्या कागदाच्या खुणेवर असेल तर रोलरही कागद ओढतो आणि ट्रॅक्टरही (म्हणजे तेच पिनांचे पट्टे) ओढतो, दोघांची ओढाताण होते आणि भोकं फाटतात. आमची ट्रॅक्टरवरच होती. दुसरी जाडीची लिव्हर, चार प्रतींसाठी ती ३ वर हवी, आमची ० वर होती, म्हणजे एका कागदाची सेटिंग. त्यामुळे हेड कागदाला घासत होतं, कडेला काळा पट्टा उमटत होता आणि वरचा कागद खालच्यांपेक्षा थोडा मागे राहत होता. वरच्या प्रतीवर आकडा घरात आणि चौथ्या प्रतीवर रेघेवर असं दिसत असेल तर आधी ही लिव्हर बघा.

फॉर्मचं खोकं टेबलाच्या मागे खाली ठेवलेलं असतं तेही बघा. आमच्या इथे खोकं भिंतीला एका बाजूला सारलेलं आणि यूएसबीची वायर कागदावरून गेलेली. कागद टेबलाच्या कडेला घासत वर येत होता. खोकं सरळ प्रिंटरच्या मागे घेतलं, वायर बाजूला केली. फुकटचं काम.

एवढं केल्यावर तिरकेपणा गेला, चारही प्रती सारख्या झाल्या. पण वर चढणं तसंच.

इथे मी एक गोष्ट केली जी आधीच कोणीतरी सांगायला हवी होती. छापील फॉर्म काढून ठेवला आणि साधा कोरा १०×१२ चा सलग कागद लावला. १२ इंच म्हणजे आमचे दोन फॉर्म, हिशोब जुळतो. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या बिल्ट्या परत प्रिंट करायची सोय होती, त्यातून पन्नासेक बिल्ट्या एका मागोमाग कोऱ्या कागदावर सोडल्या. एकही नंबर वाया गेला नाही. मग स्टीलची पट्टी घेऊन फाडायच्या रेघेपासून पहिल्या ओळीपर्यंतचं अंतर मोजलं, दुसरी, चौथी, दहावी, विसावी, पन्नासावी, फक्त सम नंबरच्या, म्हणजे प्रत्येक वेळी तीच जागा. दर वेळी अंतर थोडं थोडं कमी. पन्नासाव्यापर्यंत पावणेदोन-दोन सेंटीमीटरचा फरक. म्हणजे एका बिल्टीमागे ०.४ मिलिमीटरच्या आसपास.

आता यातून काय कळतं बघा. कागद कुठेतरी घसरत असता तर फरक कमीजास्त पडला असता, एका ठिकाणी एकदम तीन मिलिमीटर, मग काहीच नाही, असं. दर बिल्टीला अगदी सारखाच फरक पडतोय म्हणजे यंत्राचा दोष नाही, कुठेतरी पानाची लांबीच चुकीची सांगितलेली आहे आणि प्रिंटर इमानदारीने ती पाळतोय. आणि अक्षरं वर चढतायत म्हणजे सांगितलेली लांबी खऱ्या फॉर्मपेक्षा कमी आहे.

एका इंचात सहा ओळी असतात, म्हणजे एक ओळ ४.२३ मिलिमीटर. त्याला ०.४ ने भागा, साडेदहा येतात. मामांच्या "दहा-बारा बिल्ट्या झाल्या की" चा हिशोब लागला.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे खाली प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज असं आहे. त्यात फॉर्म्सच्या टॅबमध्ये कागदांची यादी असते. आमचा कागद होता तिथे, सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाने बनवलेला, उंची १५.२ सेंटीमीटर. सहा इंच म्हणजे किती? १५.२४. ते पुढचं ०.०४ सेंटीमीटर म्हणजे ०.४ मिलिमीटर. तिथे मेट्रिक निवडलेलं होतं म्हणून त्याने इंचाचं सेंटीमीटर करून टाकलं आणि शेवटचा आकडा सोडून दिला. पहिली बिल्टी बरोबर बसली, तो गेला. एक बिल्टी काढून बघितली तर हे कधीच दिसणार नाही, म्हणून तुमच्याकडे कोणी नवीन कॉम्प्युटरवर प्रिंटर बसवून देत असेल तर त्याला चहा पाजा आणि तीसेक पानं सलग काढून दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका.

मी नवीन फॉर्म बनवला, नाव दिलं बिल्टी-६, युनिट बदलून इंच केलं, रुंदी १०, उंची ६, मार्जिन सगळी शून्य. यासाठी अ‍ॅडमिन म्हणून आत जावं लागतं, चेंज फॉर्म सेटिंग्जचं बटण दाबावं लागतं, नाहीतर खोके करडेच राहतात. पण नुसता बनवून उपयोग नाही, तो तीन ठिकाणी निवडावा लागला. प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये, डिव्हाइस सेटिंग्जमध्ये ट्रॅक्टरच्या समोर, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रिंट सेटअपमध्ये. यातलं एक जरी ए-फोर किंवा लेटरवर राहिलं तर सगळं मुसळ केरात. परत कोऱ्या कागदावर पन्नासेक बिल्ट्या सोडल्या, पट्टी लावली. पहिली आणि शेवटची, अंतर सारखं.

अजून एक, विंडोजमध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवावा असा एक पर्याय चालू असतो, तो बंद करा. आमच्याकडे ई-वे बिलासाठी (मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लेझर आहे, त्यावर कोणी प्रिंट काढली की डिफॉल्ट तोच व्हायचा आणि पुढची बिल्टी ए-फोरवर.

ज्यांचं सॉफ्टवेअर जुनं डॉसमधलं, फॉक्सप्रोमधलं आहे त्यांना विंडोजचा हा फॉर्म लागू नाही, तिथे प्रोग्रॅम प्रिंटरला थेट कोड पाठवतो. सहा इंचाला ३६ ओळी, त्यासाठी एस्केप सी आणि ३६ हा कोड जावा लागतो. गंमत अशी की बरेच प्रोग्रॅम प्रत्येक बिलाच्या सुरुवातीला एस्केप आणि अ‍ॅट चिन्ह पाठवून प्रिंटर रीसेट करतात, त्याने पानाची लांबी परत प्रिंटरच्या मूळ सेटिंगवर जाते, ती ११ किंवा १२ इंच असू शकते. १२ असेल तर एकाआड एक फॉर्म कोरा जातो, ११ असेल तर दर वेळी इंचाचा घोळ. लांबीचा कोड रीसेटच्या नंतर यायला हवा. आणि दर पानानंतर बरोब्बर एक इंच कोरी जागा सुटत असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये स्किप ओव्हर परफोरेशन चालू असेल, ते बंद करायचं. आमच्या शेजारच्या पतसंस्थेत हेच होतं, त्यांच्या पावत्यांचं.

आता वर चढणं बंद झालं पण सगळ्याच बिल्ट्या सारख्याच दोन-तीन मिलिमीटर खाली येत होत्या, कारण मधल्या काळात सॉफ्टवेअरवाल्याने मार्जिन वाढवून ठेवलं होतं. ते त्याला सांगून जुन्या आकड्यावर आणलं. उरलेलं बारीक प्रिंटरवरच करता येतं. फॉर्म छापायच्या जागेवर आलेला असताना पॉजचं बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागतो, मग लाइन फीड आणि लोड/इजेक्टच्या बटणांनी कागद केसभर खालीवर होतो, एका दाबाला १/२१६ इंच, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. झालं की परत पॉज. ही जागा प्रिंटर बंद करून चालू केला तरी लक्षात ठेवतो. मामांना हे दाखवलं, त्यांना फार आवडलं, नॉब त्यांनी सोडला तो त्या दिवसापासून. फाडायच्या जागेसाठी सुद्धा हीच युक्ती चालते, टेअर ऑफ दाबून कागद पुढे आला की तिथे बारीक जुळवायचं, पण ती जागा वेगळी आणि छापायची जागा वेगळी, एक बदलताना दुसरी बदलतोय असं समजू नका.

जूनअखेर असं वाटलं की संपलं. जुलैमध्ये आडव्या दिशेच्या घोळाने डोकं वर काढलं. वजनाचा आकडा डाव्या रेघेवर, ई-वे बिलाचा १२ आकडी नंबर, त्यातला पहिला आकडा रेघेत गेलेला, आणि चेकपोस्टवर ड्रायव्हरला तोच वाचून दाखवायचा असतो.

इथे उपयोगी पडली ती ग्रिड. त्याच पोर्टवर विंडोजचा जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर लावून दुसरा प्रिंटर म्हणून टाकला, आणि नोटपॅडमध्ये एक फाइल बनवली, ३६ ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिचा नंबर आणि पुढे १ ते ० परत परत, ८० कॉलमपर्यंत. पेज सेटअपमधून हेडर फुटर पुसून टाका, नाहीतर फाइलचं नाव पण छापतं. या ड्रायव्हरने प्रिंटर स्वतःच्या अक्षरात छापतो, एका इंचात १० अक्षरं आणि ६ ओळी. ही प्रिंट कोऱ्या कागदावर काढायची, तिच्यावर छापील फॉर्म ठेवायचा, दोन्हीची कडेची भोकं जुळवायची आणि खिडकीच्या काचेवर धरायचं. कुठलं घर कितव्या ओळीत, कितव्या कॉलमपासून कितव्या कॉलमपर्यंत, सगळं आरपार दिसतं.

मी नव्या लॉटचा फॉर्म धरला, मग आण्णांच्या कपाटातून जुन्या लॉटचा एक रद्द फॉर्म शोधून तो धरला. दोन्ही फॉर्म एकसारखे नव्हतेच! डाव्या भोकाच्या मध्यापासून पहिल्या उभ्या रेघेपर्यंत जुन्यात २३ मिलिमीटर, नव्यात २५. प्रेसवाल्याने नवीन प्लेट करताना सगळी चौकट दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवली होती, आणि प्रायव्हेट मार्कचं (गाठीवर पार्टीने टाकलेल्या ओळखखुणेचं) घर तर अरुंदच केलं होतं. महिनाभर आम्ही प्रिंटरला शिव्या देत होतो.

प्रेसवाल्याकडे गेले तर उत्तर आलं की मशीनवर एवढं इकडेतिकडे होतंच. खोटं नाही ते, थोडं होतंच. पण दोन हजार फॉर्म शिल्लक होते, चार प्रतींचा एक फॉर्म साडेतीन रुपयांना पडतो, म्हणजे सात हजारांचा माल फेकायचा का? त्याला सॉफ्टवेअर बदलायचीही गरज पडली नाही. चौकट उजवीकडे सरकलीय तर कागदच तेवढा डावीकडे घ्यायचा. डाव्या स्प्रॉकेटचं लॉक उघडून दोन मिलिमीटर डावीकडे सरकवलं, उजवंही तेवढंच, लॉक केलं. आकडे घरात आले. मागे पट्टीवर पेन्सिलने खूण करून ठेवलीय, जुना लॉट इथे, नवा तिथे.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. खोकं जमिनीवर असेल तर कागद ओल धरतो, चार प्रती एकमेकींपासून सुटायला लागतात, भोकांपाशी फुगवटा येतो आणि स्प्रॉकेटमधून कागद उसळतो. खोकं लाकडी फळीवर ठेवा, प्लास्टिकची पिशवी बंद ठेवा, आणि जे वापरायचंय ते आदल्या दिवशीच काउंटरजवळ आणून ठेवा. उभ्या रेघा नागमोडी येत असतील तर तो आणखी वेगळा प्रकार, हेड जाताना आणि येताना दोन्हीकडे छापतं त्याची जुळणी बिघडलेली असते, पॉज दाबून प्रिंटर चालू केला की ती जुळवायचा कागद निघतो. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

रद्द फॉर्मचं मात्र विसरू नका. या सगळ्यात जे नंबर वाया गेले त्यांच्या चारही प्रती एकत्र स्टेपल करून, आडवं "रद्द" लिहून, तारीख टाकून वेगळ्या फाइलला लावल्या. सॉफ्टवेअरमध्ये पण तोच नंबर कॅन्सल दाखवायचा, नुसता पुढच्या नंबरवर उडी मारायची नाही, नाहीतर छापील लाल नंबर एक आणि कॉम्प्युटरचा नंबर दुसरा असं होतं आणि मग ई-वे बिलावर कुठला टाकायचा यावर ड्रायव्हर, मामा आणि पार्टी तिघांची भांडणं. आमच्या अकाउंटंटने फाइल बघितली, नंबर लावून तपासले आणि ठीक आहे म्हणाले.

गणपतीच्या आधी पुढच्या लॉटची ऑर्डर दिली, यावेळी ऑर्डरवर लिहूनच दिलं, भोकाच्या मध्यापासून पहिली रेघ २३ मिलिमीटर, फाडायच्या रेघेपासून वरची रेघ किती तेही, फरक एक मिलिमीटरपेक्षा जास्त चालणार नाही, आणि मशीनवर घेण्याआधी सलग कागदावरचा प्रूफ दाखवायचा. प्रेसवाल्याने आधी तोंड वाकडं केलं, मग जुन्या लॉटचा फॉर्म नमुना म्हणून ठेवून घेतला. प्रूफ आला तो ग्रिडवर ठेवून बघितला, बाकी सगळं जुळलं, फक्त प्रायव्हेट मार्कचं घर अजून अरुंदच होतं, ते तीन अक्षरांनी वाढवायला सांगितलंय. तोवर लांब मार्क असला की मामा तो पेनाने लिहितात, चौथ्या प्रतीवर उमटेल एवढा जोर लावून.